रेवाचिनी, अफू आणि आईचे सात दिवस

स्मरणिका समितीने माझ्याकडे खरं तर सोसायटीचा इतिहास मागितला होता. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, म्हणून हे काम आपसूक माझ्या गळ्यात आलं. पण पहिल्या बोअरिंगला पाणी लागलं तो दिवस, लिफ्टचं भांडण आणि पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्या हा सगळा इतिहास आपले पहिले सेक्रेटरी माझ्यापेक्षा चांगला जाणतात. म्हणून मी समितीची परवानगी घेऊन दुसराच विषय निवडला. काहीजण नाक मुरडतील. पण गेटजवळच्या कट्ट्यावर सकाळी सात वाजता आम्ही ज्येष्ठ मंडळी बसतो, तेव्हा "पाणी किती वाजता आलं?" याच्या खालोखाल "आज पोट साफ झालं का?" हाच प्रश्न असतो, हे बी विंगच्या सगळ्या खिडक्यांना ठाऊक आहे. बोलतो सगळेच, पण छापून कुणी लिहीत नाही एवढंच.

आणि जे बोलतात तेही कट्ट्यावर बोलतात. घरात आजारी पडलेलं माणूस बोलत नाही. माझी आई बोलली नाही.

दोन वर्षांपूर्वी आई पॅसेजमध्ये पाय घसरून पडली. वय ब्याऐंशी. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं, ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी घरी आणलं. आपल्यापैकी अनेकजण भेटायला आले होते, डबे आले होते, ते आम्ही विसरलेलो नाही. रुग्णालयातून निघताना गोळ्यांची मोठी यादी मिळाली. त्यात दुखण्यावरची एक जोरदार गोळी होती, दिवसातून तीनदा. ती घेतली की आईला खरंच आराम पडायचा. पोट साफ होण्याबद्दल त्या यादीत काही नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही.

आईला पलंगावर भांडं घ्यायची लाज वाटायची. सुनेला सांगायची लाज, आयाबाईंना सांगायची लाज आणि मला तर प्रश्नच नाही. "झालं का?" विचारलं की "हो, हो" म्हणायची. तिने जेवण कमी केलं, पाणी कमी केलं, म्हणजे उठायलाच नको. चौथ्या-पाचव्या दिवशी तिचं पोट फुगल्यासारखं दिसायला लागलं. मी शहाणपणा करून इसबगोल दिलं, दोन चमचे, अर्ध्या पेल्यात. सहाव्या दिवशी चादरीला पातळ डाग दिसले. मला वाटलं, जुलाब सुरू झाले. घरात प्रवासासाठी आणलेली जुलाब थांबवायची गोळी होती, ती दिली. डाग थांबले नाहीत, म्हणून संध्याकाळी आणखी एक दिली. सातव्या दिवशी सकाळी आई मला ओळखेना. मला मामांच्या नावाने हाक मारत होती.

सी विंगमधल्या निवृत्त सिस्टर योगायोगाने भाजी द्यायला आल्या होत्या. त्यांनी आईच्या पोटावर हात ठेवला आणि मला विचारलं, "सर, आजींना शेवटचं नीट कधी झालं?" मला उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, "हे जुलाब नाहीत. आत खडा अडकलाय आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपतंय. आधी डॉक्टरांना बोलवा आणि ती गोळी बंद करा."

डॉक्टर आले. पुढचे दोन दिवस एनिमा आणि बाकी जे करावं लागलं ते इथे लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी आईने मला माझ्या नावाने हाक मारली.

इतिहासाच्या मास्तरला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही, तो मागे जाऊन वाचायला लागतो. मी वाचत गेलो आणि वाचता वाचता चीनमध्ये जाऊन पोचलो. आईच्या औषधांच्या यादीचा धागा तिकडे कसा गेला, ते सांगतो.

पोट साफ होण्याची काळजी माणसाला फार जुनी आहे. इजिप्तमध्ये साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या एबर्स पपायरसमध्ये एरंडाचा उपयोग सापडतो. आपल्याकडे आयुर्वेदाने मृदू, मध्यम आणि क्रूर असे कोठ्याचे प्रकारच पाडले. सुट्टीच्या दिवशी सकाळी आजीने रांगेत उभं करून एरंडेल पाजलेली आमची पिढी तर अजून हयात आहे. पण या विषयाचा सगळ्यात तपशीलवार विचार चिनी वैद्यांनी केलाय, असं माझं मत झालं.

इसवी सन २०० च्या आसपास, हान राजवटीच्या पडत्या काळात, चांग चुंगचिंग नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांच्या नावावरचा ज्वरावरचा ग्रंथ चिनी वैद्यक शिकणारे आजही अभ्यासतात. त्यात ताप अंगात मुरून पोट कडक झालेल्या रोग्यासाठी एक काढा दिलाय. त्यात चार वस्तू आहेत: एका झाडाची साल, कच्च्या कडू नारंगीची फळं, एक खारा क्षार आणि दा-ह्वांग. दा-ह्वांग म्हणजे शब्दशः 'मोठं पिवळं'. हे मूळ आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. त्याला आपण रेवाचिनी म्हणतो, कुणी रेवंदचिनी. ते मुळात कुठून आलं, हे नावातच लिहिलेलं आहे. तो खारा क्षार म्हणजे सोडियम सल्फेट. सतराव्या शतकात जर्मनीतल्या ग्लाउबर नावाच्या रसायनतज्ज्ञाने तो तयार केला आणि युरोपात तो त्याच्या नावाने रेचक म्हणून खपला. चीनमध्ये तो त्याआधी हजाराहून जास्त वर्षं काढ्यात पडत होता.

मला त्या ग्रंथातली करण्याची रीत फार आवडली. साल आणि नारंगी आधी उकळायची, रेवाचिनी नंतर टाकायची, क्षार सगळ्यात शेवटी विरघळवायचा. रेवाचिनी फार वेळ उकळली की तिचा जुलाबाचा गुण उतरतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. तिला चिनी वैद्य 'सेनापती' म्हणत, कारण ती आत शिरून अडथळा फोडून बाहेर पडते. पण सेनापतीला प्रत्येक घरात पाठवायचं नसतं, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. त्याच ग्रंथात कोरड्या पडलेल्या कोठ्यासाठी वेगळी गोळी आहे, भांगेच्या बियांची. ('भांग' वाचून कुणी हसू नका, त्या बियांनी नशा होत नाही.) त्यात बिया आणि जर्दाळूच्या आतल्या गराचा तेलकटपणा आहे, मध आहे आणि रेवाचिनी थोडी. पुढच्या वैद्यांनी आणखी भेद केले. उष्णतेने सुकलेलं, वायू अडल्याने अडलेलं, अशक्तपणामुळे जोरच न उरलेलं, म्हातारपणी थंडावलेलं. प्रत्येकाचा उपाय वेगळा. बाराव्या-तेराव्या शतकात चांग त्सुंगचंग हे घाम, उलटी आणि जुलाब यांनी रोग बाहेर काढण्याचे मोठे पुरस्कर्ते होते, तर त्याच काळात ली तुंगयुआन म्हणत की आधी पचनाची ताकद सांभाळा. हा वाद आपल्या कट्ट्यावरही रोज चालतो, एका बाजूला सोनामुखीवाले आणि दुसऱ्या बाजूला त्रिफळावाले.

रेवाचिनी हळूहळू पश्चिमेला निघाली. तेराव्या शतकात मार्को पोलोने वायव्य चीनच्या डोंगरात ती उगवताना आणि व्यापारी ती विकत घेताना पाहिल्याचं लिहिलंय. युरोपात तिला कधी तुर्की, कधी रशियन, कधी ईस्ट इंडियाची म्हणत. माल चीनचाच, फक्त ज्या वाटेने आला तिचं नाव लागायचं. अठराव्या शतकात रशियाच्या सरकारने सरहद्दीवरच्या कियाख्ता गावी तिची मक्तेदारी ठेवली होती. तिथे एकेक मूळ तपासलं जाई आणि हलका माल जाळून टाकत. बागेतच पिकवावी म्हणून लंडनच्या एका संस्थेने शेतकऱ्यांना पदकं देऊ केली. झाडं आली, पण औषधी गुण चिनी मुळासारखा येईना. शेवटी इंग्रजांनी त्याच कुळातल्या झाडाचे आंबट देठ साखरेत शिजवून खायला सुरुवात केली, ते अजून खातात.

आता मुख्य गोष्ट. रशियन आणि इंग्रज एवढी रेवाचिनी विकत घेतात, याचा अर्थ चिनी दरबाराने असा लावला की, या मांस-दूध खाणाऱ्या लोकांचं तिच्याशिवाय चालूच शकत नाही. रशियाशी भांडण झालं तेव्हा १७८५ ते १७९२ कियाख्ताचा व्यापार बंद होता आणि त्या काळात रेवाचिनी बाहेर जाऊ नये म्हणून कडक हुकूम निघाले. पुढे १८३९ मध्ये सम्राटाने अफूचा व्यापार मोडायला लिन झशू नावाच्या प्रामाणिक अधिकाऱ्याला कॅन्टनला पाठवलं. त्यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या २०,२८३ पेट्या ताब्यात घेतल्या आणि जून महिन्यात हूमेन इथे चर खणून, मीठ आणि चुना घालून ती सगळी अफू समुद्रात सोडली. त्याच वर्षी त्यांनी व्हिक्टोरिया राणीला उद्देशून पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की, आमचा चहा आणि रेवाचिनी तुम्हाला एक दिवस मिळाली नाही तर तुमच्या लोकांचं कसं होईल, आणि तरी आम्ही ती अडवत नाही; मग तुम्ही आम्हाला विष का विकता?

शाळेत मी हे पत्र शिकवताना मुलं खो-खो हसायची. मीही हसायचो. एका साम्राज्याने दुसऱ्याला पोट न साफ होण्याची धमकी द्यावी! १८४० मध्ये इंग्रजी आरमार आलं, दोन वर्षांत चीन हरला आणि हाँगकाँग गेलं. इंग्रजांकडे एरंडेल होतं, सोनामुखी होती, पारा घातलेलं कॅलोमेल होतं. रेवाचिनी बंद झाल्याने कुणी मेलं नसतं.

आईच्या आजारपणानंतर मला ते हसू परत येईना, कारण त्या पत्राची दुसरी बाजू मी कधी शिकवलीच नव्हती. अफू हीच जगातली सगळ्यात जुनी, सगळ्यात खात्रीची पोट बांधणारी वस्तू आहे. हगवणीवर ती शतकानुशतकं चीनमध्ये, युरोपात, आपल्याकडे त्यासाठीच देत आले. ज्याला तिचं व्यसन लागतं त्याचं आतडं जवळजवळ झोपतं. आणि लिन झशूंनी बुडवलेल्या अफूत आपल्या बाजूचा मालही होता. माळव्यातली अफू मुंबई आणि दमणच्या बंदरांतून चीनला जायची. मुंबईच्या कितीतरी मोठ्या घराण्यांची संपत्ती त्या व्यापारात उभी राहिली. सर जमशेदजी जीजीभॉय कापसाबरोबर अफूचाही व्यापार करत, आणि त्यांच्याच देणगीतून १८४५ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. रुग्णालयात गोरगरिबांच्या कितीतरी पिढ्या बऱ्या झाल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अफू इथेही राहिलीच होती. गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्यांना झोपवण्यासाठी अफूची बाळागोळी द्यायच्या, त्यांना तरी दुसरा काय उपाय होता?

आता आईच्या यादीकडे येतो. ती दुखण्यावरची गोळी, ट्रामाडॉल, अफूच्याच घराण्यातली आहे. झाडातून काढलेली नाही, कारखान्यात बनवलेली, पण शरीरात बसते अफूच्याच खुर्चीवर. त्या खुर्च्या मेंदूत आहेत तशाच आतड्यातही भरपूर आहेत. तिथे ती बसली की आतड्याची पुढे ढकलण्याची लाट मंदावते, मळ जास्त वेळ आत पडून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. झोप येणं, मळमळणं याची शरीराला सवय होते, पण याची सहसा होत नाही. म्हणून जाणकार डॉक्टर अशी गोळी चालू करतानाच रेचक सोबत देतात.

आणि मी प्रवासाच्या पिशवीतून काढून दिलेली जुलाबाची गोळी? ती लोपेरामाइड. १९६९ मध्ये बेल्जियममध्ये तयार झालेली. तीही आतड्यातल्या त्याच खुर्च्यांवर बसते. म्हणजे अफूने बांधलेल्या पोटाला मी माझ्या हाताने आणखी अफूचंच भावंड दिलं, तेही दोनदा. इसबगोल चांगलं औषध आहे (नाव फारसी आहे, बी घोड्याच्या कानासारखी दिसते म्हणून), पण त्याला भरपूर पाणी लागतं आणि हालणारं आतडं लागतं. आईकडे दोन्ही नव्हतं. हे कळलं तेव्हा रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

पश्चिमेच्या वैद्यकाने या विषयात कमी गोंधळ घातला असं मात्र समजू नका. पॅरिसच्या बुशार यांनी १८८० च्या दशकात मांडलं की आतड्यात साठलेला मळ रक्तात विष सोडतो. सगळ्या रोगांचं मूळ पोटात, हे आपल्याला पटणारंच, त्यांनाही पटलं. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधले नावाजलेले शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठावर मोठं आतडंच काढून टाकायला सुरुवात केली. त्यात माणसं दगावली. १९१३ मध्ये तिथल्या वैद्यक मंडळींनी यावर मोठा वाद घातला. त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेत डॉक्टरांनी निरोगी तरुणांच्या गुदद्वारात नुसता कापूस भरून पाहिला. डोकेदुखी, मरगळ, चिडचिड, सगळं सुरू झालं आणि कापूस काढताच थांबलं. कापसात कुठलं विष? नुसत्या ताणानेच ते होत होतं. लेन स्वतः पुढे शस्त्रक्रिया सोडून कोंड्याची भाकरी आणि भाज्यांचा प्रचार करत फिरले, हे त्यांचं मोठेपण. मग १९७० च्या दशकात युगांडात वीस वर्षं काम केलेले डेनिस बर्किट आणि त्यांचे सहकारी यांनी हिशेब मांडला. युगांडाच्या खेड्यातल्या माणसाचं अन्न साधारण दीड दिवसात बाहेर पडतं, इंग्लंडच्या नाविकाचं तीन दिवसांहून जास्त घेतं. फरक चोथ्याचा. आपल्या आज्या नाचणी-ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाऊन एकही शोधनिबंध न लिहिता हेच करत होत्या. पण अफूच्या गोळीपुढे नुसता चोथा पुरत नाही, हे पुन्हा सांगतो.

आता दोन्ही वैद्यकं एकमेकांच्या मापाने मोजली जाताहेत, ही मला चांगली गोष्ट वाटते. ती जुनी भांगेच्या बियांची गोळी हाँगकाँगच्या बाप्टिस्ट विद्यापीठात १२० रुग्णांवर तपासली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. २०११ मध्ये निकाल आला: गोळीने ४३ टक्के लोकांना फरक पडला, खोट्या गोळीने ८ टक्के. म्हणजे गुण आहे, पण निम्म्याहून जास्त लोकांना नाहीही. २०१६ मध्ये चीनमधल्या पंधरा रुग्णालयांत, जुन्या कडक बद्धकोष्ठाच्या १,०७५ रुग्णांवर सुया टोचून सौम्य वीज देण्याचा उपाय तपासला. खऱ्या उपचाराने ३१ टक्के लोकांना आठवड्याला तीनदा तरी नीट होऊ लागलं, नावापुरत्या सुयांनी १२ टक्के. रेवाचिनीचं आणि सोनामुखीचं कामही आता समजलंय. दोन्हीतला मुख्य पदार्थ वरच्या आतड्यात न शोषता खाली जातो, तिथले जंतू त्याला उघडतात आणि मग मोठं आतडं हालतं. याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून ते रात्री घ्यायचं. चिनी वैद्यांना जंतू माहीत नव्हते, पण वेळ माहीत होती. हे वाचून कुणी इंटरनेटवरून चिनी पुड्या मात्र मागवू नका. त्यात काय असतं ते आपल्याला तपासता येत नाही.

सिस्टरांनी मला सांगितलेलं इथे देतो, कारण त्यांचं नाव छापायला त्यांनी नकार दिला. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसाला चालतं. रोज झालंच पाहिजे हा हट्ट धरून रोज जुलाब घेऊ नये. कळ आली की दाबू नये. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर आतडं आपोआप हालतं, तेव्हा घाई करू नये. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या जवळजवळ सगळ्या फ्लॅटमधली भारतीय बैठक जाऊन कमोड आले. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट घेतला तर सोपं जातं, पण खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. रक्त दिसलं, वजन उतरलं, पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली, किंवा पोट फुगून उलट्या व्हायला लागल्या आणि वारासुद्धा सरेना, तर घरगुती काही करत बसू नये. आणि अंथरुणावरच्या माणसाला आठवडाभर नीट झालेलं नसताना पातळ डाग दिसले, तर जुलाबाची गोळी देऊ नये.

आई आता वॉकर घेऊन लिफ्टपर्यंत येते. तिच्या उशाशी भिंतीवरचं कॅलेंडर आहे. ज्या दिवशी होतं त्या दिवशी ती स्वतः पेनने फुली मारते, आणि दोन दिवस फुली नसली की सुनेला हाक मारते. हा लेख छापायला मी तिची परवानगी मागितली. तिने पूर्ण वाचून घेतला, लिन झशूंचा भाग दोनदा. मग म्हणाली, "छाप. पण त्या सिस्टरना फराळाला कधी बोलावणार ते आधी सांग." त्या येत्या रविवारी येताहेत.